साखऱ्यातला बाबागाडी अपघात प्रतिबंध सप्ताह

२००३च्या उन्हाळ्यात साखऱ्याच्या अंगणवाडीत परिपत्रक आलं. बाबागाडीतून पडून बालकांना होणाऱ्या इजा टाळण्यासाठी सप्ताह पाळावा आणि अपघातांत किती टक्के घट झाली ते कळवावं, असा आदेश होता. सेविका शिवकन्या हिनं घरोघर फिरून प्रामाणिकपणे माहिती भरली: बाबागाड्या शून्य, अपघात शून्य. गावातली लेकरं आईच्या कडेवर नाहीतर आजीच्या मांडीवर असत.

अहवाल परत आला. ‘शून्यात घट होत नाही’, असा तालुक्याच्या कार्यालयातल्या विश्वंभर साहेबांचा शेरा होता. शिवकन्येनं तालुक्याला जाऊन समजावलं, की गाडीच न्हाई तर लेकरू पडंल कुठून? साहेबांना मुद्दा पटला. त्यांनी गाडी मंजूर केली.

निळी, छत्रीवाली गाडी बघायला गाव लोटलं. शेळ्या राखणाऱ्या मल्हारीनं तिच्यातून आजारी करडू नेता येईल का अशी चौकशी केली. पण करडू लाभार्थ्याच्या व्याख्येत बसत नव्हतं. शेवटी पंचफुलाबाईचा दहा महिन्यांचा नातू प्रभू निवडला गेला. शिवकन्येनं गाडीसोबतचं माहितीपत्रक तीनदा वाचलं. पट्टा आधी बांधायचा, चाकाला ब्रेक लावायचा, दांड्याला ओझं टांगायचं नाही. एवढंच होतं.

कार्यक्रम अंगणवाडीच्या ओट्यावर झाला. बालक बसवणे हा अनुक्रमांक चार होता. प्रभूला बसवलं, आणि साहेबांचा सत्कार सुरू झाला.

“साहेब, लेकरू बसलंय. पट्टा बांधू का?” शिवकन्येनं हळूच विचारलं.

“पट्टा सातवर आहे. आता पाच चालू आहे,” साहेब म्हणाले.

ब्रेक आठवर होता आणि ओझं नऊवर. शिवकन्येनं गुपचूप चाकाला आपला पाय लावून ठेवला. पाय कार्यक्रमपत्रिकेत नव्हता, म्हणून कुणी हरकत घेतली नाही.

सत्कारात शाल मिळाली, हार मिळाले, चार नारळ मिळाले. साहेबांनी सगळं पिशवीत भरून पिशवी गाडीच्या दांड्याला अडकवली आणि गाडीमागेच मार्गदर्शनाला उभे राहिले. पुढची चाकं हळूहळू वर उचलली जाऊ लागली. पंचफुलाबाईला अनुक्रमांक ठाऊक नव्हते. तिनं झटक्यात नातू उचलून कडेवर घेतला.

“आमी घेतो लेकरू. तुमचं चालू द्या,” ती म्हणाली.

लेकराचं वजन जाताच गाडी मागे उलटली ती थेट साहेबांच्या नडगीवर. साहेब गाडीला मिठी मारून तीन पायऱ्या खाली उतरले. प्रभूनं टाळ्या पिटल्या. अनुक्रमांक सहा संपला असं समजून गावानंही पिटल्या.

साहेबांच्या घोट्याचं हाड मोडलं. शिवकन्येनं विहित नमुना भरायला घेतला. एकही रकाना रिकामा सोडू नये, अशी सक्त सूचना होती. जखमीच्या वयापुढे तिनं साहेबांचं खरं वय लिहिलं: बावन्न. रकाना महिन्यांचा होता.

आठ दिवसांत नर्सबाई साहेबांच्या घरी पोलिओचा डोस घेऊन हजर झाल्या. बालकाचं वजन अठ्ठ्याहत्तर किलो भरल्यामुळे त्यांनी साहेबांच्या ऐंशी वर्षांच्या आईला पालक म्हणून बसवून आहाराबद्दल समज दिली. साहेबांनी लेखी तक्रार केली. बालकाचा अर्ज पालकाच्या सहीनं यावा, असं उत्तर आलं. आईनं सही केली, पण आधी भात बंद केला.

पुढल्या वर्षी गाडी कपाटात कुलूपबंद राहिली. अपघात एकाचे शून्य झाले, घट शंभर टक्के भरली. हिंगोलीच्या सभेत शिवकन्येचा गौरव झाला. तिनं तिन्ही नियम पुन्हा सांगितले, लेकराचा जीव तेवढ्यानं वाचतो म्हणाली. सभागृहानं माना डोलावल्या.

बाहेर एक श्रोता स्कूटर चालू करत होता. पोरगा पुढे उभा, थोरली मधे, बायको मागे एका अंगावर बसलेली, तिच्या मांडीवर तान्हं. शिवकन्या धावत गेली.

“भाऊ, दोन खेपा करा. लेकरू घसरंल.”

“इथं तर जायचंय, ताई,” तो हसून म्हणाला. “आपल्याला काही होत नाही.”

स्कूटर निघून गेली. त्याचं नाव शिवकन्येला कळलं नाही. तुमचं जे असेल तेच असावं, असा तिचा अंदाज आहे.