शिंपीमामांची चार बोटं नम्रता

नम्रतेच्या बाबतीत चर्चच्या अख्ख्या मंडळीत आपला हात धरणारा कोणी नाही, हे शिंपीमामा गेली तीस वर्षं छातीठोकपणे सांगत आले होते. ऐकणारा मान डोलवायला विसरला, तर पुन्हा सांगत.

ही तीस वर्षांची मिळकत मंडळीतल्याच एका सुताराने एका रविवारी लुटून नेली. तीही चूक करून!

झालं असं, की उपासनेत सुताराची प्रार्थना लांबली. इतकी, की मागच्या बाकावर दोघांचा डोळा लागला. पाळकसाहेबांनी त्याला बाजूला घेऊन तसं सांगितलं. सुतार म्हणाला, "बरं झालं सांगितलंत. माझ्या लक्षातच आलं नव्हतं." बस, एवढंच. पण पुढच्या रविवारी पाळकसाहेबांनी तेवढ्यावर अख्खा उपदेश दिला. भावाची चूक प्रेमाने, एकांतात दाखवावी. आणि आपली कोणी दाखवली, तर या सुतारबंधूसारखी पदरात घ्यावी. शेवटी म्हणाले, "मंडळीचा कारभार पाहणाऱ्या वडीलपदाची जागा रिकामी आहे. मला असाच माणूस हवाय. महिनाअखेरीला नाव जाहीर करतो."

त्या पदासाठी मामांनी स्वतःला काळा कोट दहा वर्षांपूर्वीच शिवून ठेवला होता. मध्यंतरी दोनदा उसवून सैलही केला होता.

घरी पोचताच ते मामींसमोर तणतणले. "त्याच्या जागी मी असतो ना, तर याच्या दुप्पट नम्रपणे ऐकून घेतलं असतं!"

"मग घ्यायचं होतंत," मामी कपडे वाळत घालत म्हणाल्या.

"घेऊ कुठून? मला कधी कोणी चूक दाखवतच नाही!"

"तुम्हाला दाखवायची म्हणजे..." पुढचे शब्द मामींनी चिमट्याबरोबर दोरीला लावून टाकले.

मामांनी विचार केला. चूक कोणी दाखवायची, तर आधी ती करणं आलं. दुकानातल्या आरशासमोर त्यांनी चेहरा बसवून पाहिला. मान खाली, डोळे ओलसर, "बरं झालं सांगितलंत." सुतारापेक्षा दोन इंच जास्त वाकायचं ठरलं.

बुधवारी गाण्याच्या सरावात ते मुद्दाम ताल सोडून सगळ्यांच्या आधी सुटले. गायकांनी एकमेकांकडे पाहिलं आणि धावत त्यांना गाठलं. "मामांनी आज चाल उडती केली," पेटीवाल्या बाई कौतुकाने म्हणाल्या.

रविवारी गीताला सगळे उभे असताना मामा खाली बसले. त्यांच्या बाकावरचे बसले, मग मागचे बसले. दुसऱ्या कडव्याला पाळकसाहेब एकटेच उभे होते. गुडघे दुखणाऱ्या एका आजींनी तर बाहेर येऊन मामांना आशीर्वाद दिला.

आता एकच उपाय उरला. पाळकसाहेबांचा नवा झगा मामांकडे शिवायला आला होता. मामांनी काळजावर दगड ठेवून डावी बाही चार बोटं लांब कापली.

महिन्याच्या शेवटच्या रविवारी त्या बाहीने उपासना गाजवली. आधी गीतांचं पुस्तक खाली गेलं, मग उपदेशाची टिपणं, मग पाण्याचा पेला टिपणांवर. मामा दारात चेहरा बसवून तयार उभे राहिले. पाळकसाहेब बाही सावरत आले आणि म्हणाले, "मामा, झगा अगदी ऐसपैस झालाय हो!"

मामा हताश होऊन वळले, तर समोर सुतार. त्याने हळूच त्यांना दाराआड नेलं. दोनदा घसा खाकरला.

"मामा, रागावू नका. डावी बाही... जरा लांब झालीये का?"

हीच ती वेळ! पण चेहरा आयत्या वेळी मामांच्या हातून निसटला.

"तू? रंधा मारणारा तू मला बाही शिकवणार? अरे, टेप न लावता माप सांगतो मी! ती बाही मी मुद्दाम लांब ठेवलीये. मुद्दाम!"

त्या आवाजाने अंगणातले सगळे दाराशी जमले.

"मुद्दाम?" पाळकसाहेबांनी विचारलं.

"चूक माझी, साहेब," सुतार घाईघाईने म्हणाला. "मीच नको तेव्हा बोललो."

पुन्हा! डोळ्यांदेखत याने पुन्हा बाजी मारली! मामांनी त्याच्याकडे रागाने पाहिलं. सुतार टोपी छातीशी धरून एक पाऊल मागे सरला होता. घाबरत घाबरत का होईना, तीस वर्षांत त्यांची चूक त्यांना दाखवायला आलेला हा पहिला माणूस होता.

"सांगून टाका आता," मामी हळूच म्हणाल्या.

मामा पाळकसाहेबांकडे वळले. "साहेब, मी जळत होतो याच्यावर. याला मिळालं ते मला हवं होतं. बाही लांबच आहे. हा खरं बोलला. वडीलपद यालाच द्या." आणि ते तिथेच पाळकसाहेबांसमोर गुडघे टेकून बसले.

सुताराच्या डोळ्यांना धार लागली. पेटीवाल्या बाईंनी पदर डोळ्याला लावला. पाळकसाहेबांनी मामांच्या डोक्यावर हात ठेवला.

इथे मामांनी उठायला हवं होतं. पण त्यांनी हळूच एका डोळ्याने गर्दी पाहिली. एवढा नम्रपणा या अंगणाने आजवर पाहिला नसणार, असं त्यांना वाटून गेलं. सुताराचा तर याच्या पासंगालाही पुरणार नाही. त्यांनी घसा साफ केला.

"मागे उभे आहेत त्यांच्यासाठी पुन्हा एकदा सांगतो..."

पाळकसाहेब त्यांच्या कानाशी वाकले.

"मामा, तेवढा गुडघा उचलता का? माझ्या झग्यावर आहे."