सुजयला कडेला ठेवा

दिल्लीतल्या आर. के. पुरमच्या उल्हास टिपणिसांनी कॅमेरा घेतला आणि दोन महिन्यांत ते कलावंत झाले! फायलींवर सह्या करण्यात जन्म फुकट गेला, आता स्वेच्छानिवृत्ती घेऊन घरोघरी फॅमिली पोर्ट्रेट काढणार, असं त्यांनी ऑफिसात, पार्कात आणि दुधाच्या रांगेतसुद्धा जाहीर करून टाकलं. बायको रेवती एवढंच म्हणाली, "आधी एक घर खूश करून दाखवा. मग खुशाल नोकरी सोडा."

ते एक घर म्हणजे मयूर विहारचे प्रधान. रेवतीच्या भिशीतल्या हेमलताबाईंचं. त्यांच्या सासूबाई कुसुमावती ऐंशीच्या झाल्या, म्हणून सोसायटीच्या लॉनवर सगळं खानदान जमलं. लेक सलोनीसाठी पाहिलेला सुजयही आला होता. हेमलताबाईंनी उल्हासरावांना बाजूला घेऊन हळूच सांगितलं, "सुजयला कडेला ठेवा हं. अजून सुपारी फुटलेली नाही."

आता मराठी घरातलं शेंबडं पोरही याचा अर्थ सांगेल. बोलणी फिसकटलीच तर कडेचा माणूस कापता येतो, फोटो वाचतो. पण उल्हासराव पडले कलावंत! कॉम्पोझिशनमध्ये घरच्यांनी लुडबुड करू नये, असं बजावून त्यांनी सलोनी आणि आजींची ओळ पुढे बसवली, काका-काकूंची मागे उभी केली आणि दोन्हींच्या मधोमध, सगळ्यांत उंच म्हणून, एकट्या सुजयला खांबासारखा रोवला. वर मागची झाडं धूसर करायची हौस. हे शिक्षण यूट्यूबवरचं, तेही अर्धा व्हिडिओ बघून! उन्हात कॅमेऱ्याच्या पडद्यावर कुणाला काही दिसलं नाही, तरी सगळे "वा, बहुत बढिया" म्हणाले.

महिन्याभरानं उल्हासराव दाराएवढी फ्रेम सांभाळत मेट्रोनं प्रधानांकडे पोचले. फोटो आदल्या रात्रीच फेसबुकवर टाकून झाला होता. प्रधानांकडे सगळे गप्प. सलोनीचं जमत आलेलं लग्न आठवड्यापूर्वीच मोडलं होतं, पण यांना कोण सांगणार? कलेपुढे माणसं अशीच गप्प होतात, अशा समजुतीत त्यांनी वरचा कागद फाडला.

झाडं धूसर झाली होती, हे मान्य. त्यांच्याबरोबर झाडून सगळे प्रधानही धूसर झाले होते. स्पष्ट होता तो फक्त सुजय. मिशीचा केस न् केस मोजून घ्यावा इतका!

कुसुमावतींचं नुकतंच मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं. त्या फ्रेमला नाक लावून उभ्या राहिल्या, पदरानं डोळे पुसले आणि म्हणाल्या, "सूनबाई, डॉक्टरनं फसवलं गं. तो मेला तेवढा दिसतोय."

सलोनी रडत आत गेली. या माणसाला यातून काढून टाका, असं हेमलताबाईंनी दात आवळून सांगितलं.

"त्याला काढला तर उरेल काय, वहिनी?" उल्हासराव म्हणाले. आयुष्यात कधी नव्हे ते खरं बोलले, आणि फ्रेमसकट बाहेर आले.

दुसऱ्या दिवशी सकाळी फोन आला. सुजयची आई! फेसबुकवर फोटो बघून माउली हरखून गेली होती. इतका देखणा तो आजवर कुठल्याच फोटोत आला नव्हता म्हणे. बाकीची गर्दी तेवढी काढून द्या, दुसऱ्या स्थळाला पाठवायचाय, असं तिचं म्हणणं.

उल्हासराव छाती फुगवून स्वयंपाकघरात गेले. "बघ, झालं की नाही एक घर खूश?"

रेवतीनं डब्याचं झाकण लावलं. "अख्ख्या घराचा फोटो काढायला गेलात, आणि त्या घरचा नसलेला तेवढा नीट आला. डबा घ्या, बस जाईल."

उल्हासरावांनी डबा घेतला.