कार्यक्षेत्राबाहेरची टाकी

कुंभकोणमच्या दबीर वीथी नावाच्या रस्त्यावर राहणारे, विमा कंपनीतून निवृत्त झालेले अधिकारी विजयराघव राव यांच्या फिरत्या घराची मैलाटाकी भरली. भरणे हा टाकीचा धर्मच असल्यामुळे सुरुवातीला कोणी ही घटना गांभीर्याने घेतली नाही.

फिरते घर म्हणजे एक भलीमोठी गाडी. तिच्यात पलंग होता, शेगडी होती, फ्रीज होता, आणि मागल्या कोपऱ्यात दार लावताच दिवा लागेल असा संडास होता. घराच्या कटकटीतून सुटून मोकळ्या रस्त्यावर जगायचे असेल, तर घरातले सगळे बरोबर न्यावे लागते, हे गाडी विकणाऱ्या तरुणाने रावांना पटवून दिले होते. रावांनाही कारण हवेच होते. त्यांची मुलगी नंदिता पुण्यात दिलेली, आणि तिचे डोहाळेजेवण ठरले होते. रावांचे पूर्वज मराठ्यांच्या फौजेमागून तंजावर प्रांतात आले, तेव्हापासून घरात मराठीच चालत आली. पण रावांच्या पत्नी महालक्ष्मीबाईंनी महाराष्ट्र अजून पाहिला नव्हता. नंदिताचे लग्नसुद्धा कुंभकोणमलाच झाले होते. पूर्वज ज्या वाटेने आले त्या वाटेने आपल्याच घरात बसून परत जायचे, या कल्पनेने राव भारावून गेले होते.

महालक्ष्मीबाईंची हरकत वेगळी होती.

"स्वैंपाक करायाचा नि तें करायाचें एकेच छपराखालीं?" त्या म्हणाल्या. "मध्यें चार हात देखील नाहींत."

रावांनी मध्ये पडदा लावला. पडद्याने सोवळे टिकते की नाही यावर वाद झाला आणि टिकते असे तूर्त ठरले.

लांबच्या प्रवासाआधी जवळपास एक फेरी मारून पाहावी म्हणून दोघे निघाले. इन्नंबूरच्या भातशेतांतून जाताना फ्रीज बंद पडला. रावांनी फिरत्या घरांच्या मालकांच्या मोबाइलवरील गटात विचारणा केली, तर उत्तरांचा पाऊस पडला. कारण गटातले बहुतेक मालक त्या वेळी आपापल्या न फिरत्या घरात निवांत बसले होते. एकाने बॅटरी बदला म्हटले, दुसऱ्याने गाडीच बदला म्हटले, तिसऱ्याने सूर्योदयाचा फोटो टाकला. पुढच्या गतिरोधकावर गाडी आदळली आणि फ्रीज आपोआप सुरू झाला.

संध्याकाळी तिरुविसनल्लूरजवळ नदीकाठी राव यांनी घडीच्या खुर्च्या मांडल्या. महालक्ष्मीबाईंनी आपल्या शेगडीवर, आपल्या भांड्यात, आपल्या हाताने काफी केली आणि खुर्चीत मांडी घालून बसल्या. समोर बगळे शेतात उतरत होते. भांडी घासायची घाई नाही, दारावर कोणी नाही. "बरें आहे हो हें," त्या म्हणाल्या, आणि एवढे बोलून स्वतःशीच हसल्या. रावांनी पत्नीला असे विनाकारण हसताना फार वर्षांनी पाहिले.

दुसऱ्या दिवशी ते तिरुविडैमरुदूरला महालक्ष्मीबाईंच्या आतेबहिणीकडे, सुब्बलक्ष्मीकडे, उतरले. तिथे घरातली, शेजारची आणि शेजाऱ्यांकडे आलेली मंडळी गाडी पाहायला जमली. चाकांवरचा संडास खरोखर चालतो का, अशी शंका एका वृद्ध गृहस्थांनी काढली. शंका प्रयोगानेच फिटते, या तत्त्वावर सर्वांनी क्रमाक्रमाने प्रयोग केला. कुंभकोणमला परतेपर्यंत संडासावरचा लाल दिवा लागला होता.

आता टाकी रिकामी करायची कुठे, हा प्रश्न आला. रावांचे घर म्हणजे वीथीपासून परसापर्यंतचा लांबच लांब बोगदा. घरचा संडास शेवटच्या टोकाला. टाकी तिथवर न्यायची तर देवघरावरून न्यावी लागणार, आणि महालक्ष्मीबाई देवघराच्या दारात हात आडवे करून उभ्या राहिल्या. पूर्वी मागून एक गल्ली होती. पण प्रत्येक सज्जन शेजाऱ्याने ती थोडी थोडी घरात घेतल्यामुळे ती आता केवळ जुन्या नकाशात होती.

समोरच्या घरातले रावांचे चुलतभाऊ अप्पाराव सल्ला द्यायला आले.

"राघवा, उजाडतां पुलापलीकडे जा. तोटी उघड, डोळे मीट. संपलें."

"नियम काय म्हणतो?"

"नियमास कोणी विचारलें?"

रावांनी विचारले. आयुष्यात त्यांनी रिकाम्या चौकातसुद्धा लाल दिव्याला गाडी थांबवली होती. त्यांनी 'जंगम स्वच्छता समन्वय कक्ष' या कचेरीत रीतसर अर्ज दिला.

कक्षाचे निरीक्षक रविशंकर हे अत्यंत सौजन्यशील गृहस्थ होते. त्यांनी रावांना बसायला खुर्ची दिली, अर्ज वाचला आणि त्यांचा चेहरा उतरला.

"सार, अर्ज कशाला केलात?" ते तमिळमध्ये कळवळून म्हणाले. "आता मला कळलं नाही, असं म्हणता येणार नाही."

"वीथीत गटाराचं झाकण आहे. त्यात सोडू का, एवढंच विचारतोय."

"गटार स्थावर घरांसाठी आहे, सार. तुमचं घर जंगम."

"मग वाहन समजा."

"वाहनातून धूर निघतो. धुराचं खातं आहे. हे जे निघतं ते वाहनांच्या खात्याला माहीतच नाही."

रविशंकर यांनी तरीही मार्ग काढायचा प्रयत्न केला. मैला ज्या गावात निर्माण झाला त्या गावाची ती जबाबदारी, असे एक परिपत्रक त्यांनी शोधून काढले. कुंभकोणममध्ये निर्माण झालेला मैला कुंभकोणमने स्वीकारावा, याला कक्षाची हरकत नव्हती. परंतु गाडी इन्नंबूर, तिरुविसनल्लूर आणि तिरुविडैमरुदूर या गावांतून फिरून आली होती. तेव्हा कोणत्या गावचा मैला किती, हे अर्जदाराने प्रमाणासह कळवावे.

राव घरी येऊन विचार करू लागले. महालक्ष्मीबाईंना त्यांनी विश्वासात घेतले. इन्नंबूरला आपण दोघेच होतो, तेव्हा तिथला अंदाज बांधता येईल, असे ते म्हणाले.

"माझें कोणीकडलें नि तुमचें कोणीकडलें, कैसें सांगूं?" महालक्ष्मीबाई लालबुंद झाल्या. "आणि सुब्बलक्ष्मीच्या सासऱ्यांचें? त्यांस पत्र घालून विचारूं?"

राव यांनी प्रामाणिकपणे 'मिश्र' असे कळवले. मिश्र शब्दाने कक्षात खळबळ माजली. एका गावचा मैला दुसऱ्या गावात परवानगीशिवाय आणला, असा त्याचा अर्थ होत होता. तीन गावांशी पत्रव्यवहार सुरू झाला. दरम्यान पुरावा नष्ट होऊ नये म्हणून रविशंकर स्वतः आले आणि त्यांनी अतिशय संकोचून टाकीच्या तोटीला लाखेची मोहर लावली. गाडी जागची हलवू नये, असेही ते सांगून गेले.

ऊन चढू लागले तसा वीथीला वास येऊ लागला. ज्यांनी मागची गल्ली घरात घेतली होती, त्यांनीच सार्वजनिक आरोग्याच्या नावाने तक्रार केली. तक्रारीची दखल घेऊन पाहणी समिती आली. समितीचे सदस्य नाकाला रुमाल लावून गाडीभोवती फिरले, मग रावांच्या ओट्यावर बसून काफी प्याले. काफी उत्तम होती, म्हणून पुन्हा प्याले. टाकीचे आकारमान, तीर्थक्षेत्राचे पावित्र्य आणि पर्यटनाचे भवितव्य यांवर चर्चा लांबत गेली. अखेर अध्यक्ष अस्वस्थ होऊन उठले आणि रावांच्या कानाशी लागून गाडीतल्या सोयीची चौकशी करू लागले.

"तिला आपलीच मोहर आहे," राव म्हणाले.

"घरात?"

राव यांनी आतल्या लांबच लांब बोगद्याकडे हात केला. देवघरात महालक्ष्मीबाईंची पूजा चालू होती आणि त्या ठाम होत्या. अध्यक्ष घाईघाईने वीथीच्या टोकाच्या भिंतीमागे गेले. परत आल्यावर त्यांनी 'उघड्यावरील अस्वच्छतेला कठोरपणे आळा घालावा' असा शेरा मारला.

डोहाळेजेवण जवळ आले. महालक्ष्मीबाईंनी हिरव्या बांगड्या, जरीची साडी आणि मुरुक्कूचा, म्हणजे तिकडच्या चकल्यांचा, डबा बांधून ठेवला होता. पत्रव्यवहार अजून तिरुविसनल्लूरपर्यंतच पोचला होता. एका दुपारी त्यांनी सगळे सामान गाडीतून काढून ओट्यावर आणले.

"मी आगगाडीनें जातें," त्या म्हणाल्या. "तुम्हीं टाकी सांभाळा."

"आणखीन थोडें थांब. आपलें काहीं चुकलें नाहीं."

"म्हणोन तर कोणी सोडीत नाहीं," महालक्ष्मीबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज चढला नाही. डोळे मात्र भरून आले. "लेकीचें पहिलें सुख. तिची आय तीन गावच्या घाणीपायीं अडली, हें तिला कैसें सांगूं?"

राव उठून कक्षात गेले. नोकरीच्या सगळ्या वर्षांत त्यांनी कोणापुढे हात जोडले नव्हते. ते त्यांनी रविशंकरांपुढे जोडले. रविशंकर खजील झाले. योगायोगाने त्याच आठवड्यात कक्षाचा स्वच्छता सप्ताह होता आणि फोटो काढण्यासारखे काही सापडत नव्हते. त्यांनी वरिष्ठांना फोन लावला. जी टाकी कोणाच्याच कार्यक्षेत्रात बसत नव्हती ती सप्ताहात बसली.

दुसऱ्या सकाळी मैला ओढणारी लॉरी झेंडूच्या माळा घालून दबीर वीथीत आली. अध्यक्षांनी मोहर फोडली. नळी जोडली गेली तेव्हा टाळ्या पडल्या. 'आदर्श जंगम नागरिक' म्हणून रावांना शाल देण्यात आली. अप्पारावांनी समोरच्या ओट्यावरून हे सर्व पाहिले आणि ते आत निघून गेले.

लाल दिवा विझला. रावांना विजय मिळाल्यासारखे वाटले. सामान पुन्हा गाडीत चढले, मोटारीला नारळ वाढवला आणि दोघे पुण्याला निघाले. निरोप घ्यायला आधी सुब्बलक्ष्मीकडे जायचे होते, म्हणून त्यांनी तिरुविडैमरुदूरचा रस्ता धरला. लॉरीही त्याच रस्त्याने पुढे चालली होती. माळा अजून तशाच होत्या.

गाव मागे पडल्यावर लॉरी डाव्या हाताला वळली आणि शेतांना पाणी नेणाऱ्या कालव्याच्या काठी थांबली. चालक उतरला, नळी पाण्यात सोडली आणि तोटी उघडली. मग बाजूला जाऊन तो विडी ओढू लागला.

राव धावत गेले. "अरे, हे काय करतोस?"

"रिकामी करतोय, सार," चालक म्हणाला. त्याला प्रश्न कळला नव्हता. "भरलेली गाडी परत कशी नेऊ?"

रावांनी रविशंकरांना फोन लावून सगळे सांगितले.

"सार," रविशंकर हळूच म्हणाले, "तुम्ही पाहिलंत, असं लिहून देणार का? दिलंत तर मला कारवाई करावी लागेल. तुम्ही साक्षीदार. मैलाही तुमचाच. गाडी चौकशी होईपर्यंत इथंच राहील."

राव यांनी मागे वळून पाहिले. गाडीच्या खिडकीत महालक्ष्मीबाई बसल्या होत्या. मांडीवर बांगड्यांची पेटी होती आणि त्या त्यांच्याकडे पाहत होत्या. पलीकडे हिरव्यागार भातात कालव्याचे पाणी शिरत होते.

"नाही," राव म्हणाले. "ऊन डोळ्यांवर होतं. नीट दिसलं नाही."

"फार उपकार झाले, सार," रविशंकर मनापासून म्हणाले.

सुब्बलक्ष्मीकडे ते थांबलेच नाहीत. राज्याची हद्द ओलांडेपर्यंत राव गाडी हाकत राहिले. महालक्ष्मीबाईंनी एका झाडाखाली गाडी थांबवायला लावली, काफी करून त्यांच्या हातात दिली आणि शाल घडी करून कपाटात खाली, जुन्या चादरींच्या तळाशी घातली.

ते वेळेवर पोचले. नंदिता आईच्या गळ्यात पडली. उंच इमारतीतल्या त्या फ्लॅटमध्ये पाहुण्यांना महालक्ष्मीबाईंची मराठी ऐकून मौज वाटली. बखर बोलू लागल्यासारखे वाटते, असे कोणीसे म्हणाले. हिरव्या बांगड्या भरल्या, ओटी भरली. जेवणे झाल्यावर जावई हेमंत यांनी आग्रह केला आणि राव यांनी टाकीची हकीकत सांगितली. पाहुण्यांना हसून हसून ठसका लागला. तिकडे असेच चालायचे, यावर एकमत झाले.

"इथलें कोणीकडे जातें?" रावांनी सहज विचारले.

"कुठलं?"

"तुमच्या घरचें."

"खाली," हेमंत म्हणाले.

"खालीं म्हणजे?"

हेमंत यांनी खिडकीतून खाली पाहिले, जणू तिथे पाटी असेल. "खाली म्हणजे... सोसायटी बघते. आपण मेंटेनन्स भरतो ना."

पाहुण्यांपैकी कोणालाच अधिक माहिती नव्हती. कोणीतरी उठून नदीच्या बाजूची खिडकी लावून घेतली आणि मिठाईचे ताट फिरले.

ही हकीकत वाचताना ज्या वाचकांनी नाकाला रुमाल लावला असेल, त्यांनी तो आता काढावा, आणि सवड झाली की आपल्या घरचे कोणीकडे जाते याची चौकशी करावी. लेखी मात्र करू नये.