सैल पट्टीचे उरकुडाजी

उरकुडाजींना कोणी रामराम घातला की ते त्याचा हात हातात घेत आणि अंगठ्याचं नख दाबून बघत. नख पांढरं पडे, सोडलं की पुन्हा लाल होई. मग ते म्हणत, "रगत येऊन राहिलं. जा." एकदा लग्नाच्या मांडवात त्यांनी नवरदेवाचंही नख दाबलं. त्याला वाटलं, मुलीकडचा काही रिवाज असेल. त्याने दुसराही हात पुढे केला.

पवनी तालुक्यातल्या एका सरकारी दवाखान्यात ते ड्रेसर होते आणि मी कंपाउंडर. जखमा धुणं, पट्ट्या बांधणं त्यांचं काम. गोळ्या-औषध देणं माझं. अठ्ठ्याहत्तर-एकोणऐंशीच्या सुमाराची ही गोष्ट. गावाला मी ती तेव्हाच सांगायला हवी होती. आता ऐंशीच्या घरात आलो, म्हणून निदान लिहून ठेवतो.

त्यांची पट्टी सैल असे. पाटलांच्या गुडघ्याला बांधलेली पट्टी बाजार ओलांडेपर्यंत घोट्यावर येई. पाटील दारातूनच ओरडत, "उरकुडाजी, पट्टी बांधली का तोरण?"

उरकुडाजी धुतलेली पट्टी मांडीवर गुंडाळत म्हणत, "पट्टी पाहुनी हाये, पाटील. पाहुनीनं घर दाबू नाई." आणि पुन्हा बांधून देत. तेवढीच सैल.

हाड मोडलेल्याला तर ते बांबूच्या कामट्या बांधल्यावर अर्धा तास बाकावरून उठू देत नसत. सूज वाढली की तीच पट्टी फास होते, असं त्यांचं म्हणणं. माणूस एसटी चुकेल म्हणून कावला की उत्तर ठरलेलं: "एसटी उद्याबी येते. बोट एकदा गेलं तं येत नाई." एवढ्यानेही समाधान होत नसे. ड्युटी सोडून ते लोकांच्या घरी बोटं बघायला जात. मी त्यांची नक्कल करून दाखवायचो. छान जमायची.

धानकापणीचे दिवस होते. डॉक्टर भंडाऱ्याला मीटिंगला गेलेले, उरकुडाजी कोणाची तरी बोटं बघायला गेलेले. आसगावची पारबताबाई आली. शेताच्या बांधावरून पडून तिचा हात कोपराखाली मोडला होता.

"घट्ट बांधा जी, बाबूजी," ती म्हणाली. "ढिली पट्टी टिकत नाई म्हने इथली."

मलाही दाखवायचंच होतं, पट्टी कशी असते ते. एक सूत हलणार नाही अशी आवळली. बाहेर एसटीचा हॉर्न वाजला. मी म्हटलं, "जा, चार दिवसांनी ये."

ती तिसऱ्याच दिवशी आली. बोटं काळीनिळी झाली होती. उरकुडाजींनी पट्टी कापली, नख दाबलं. ते पांढरंच राहिलं. त्यांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. भंडाऱ्याच्या डॉक्टरांनी हात वाचवला, पण तीन बोटं आत वळली ती वळलीच.

चौकशीला साहेब आले. "पट्टी बांधणं कोणाचं काम?"

"माहं," उरकुडाजी म्हणाले.

साहेबांनी पुढे काही विचारलं नाही. मी तिथेच उभा होतो. माझी नोकरी कायम व्हायची होती, घरी दोन महिन्यांची लेक होती. मी बाटल्यांवर चिठ्ठ्या चिकटवत राहिलो. ज्याच्या सैल पट्टीला सारं गाव हसायचं, त्याची साकोलीला बदली झाली, पट्टी आवळली म्हणून. पाटील म्हणाले, "साऱ्या जल्माच्या गाठी एकाच पट्टीत मारल्या यानं!" लोक हसले. मीही हसलो.

दहाएक वर्षांनी मी आसगावला गेलो. साकोलीला थेट उरकुडाजींपुढे उभं राहायची हिंमत नव्हती. म्हटलं, आधी हिला सांगू. पारबताबाईने बसायला बाज टाकली. मी म्हटलं, "बाई, ती पट्टी मी बांधली होती."

"मले काय सांगता जी? माह्याच हाताले तं बांधली तुमी."

"मग साहेबांना का नाही सांगितलंस?"

"सांगूनच राहिली होती. उरकुडाजीनंच नाई सांगू देल्लं. म्हने, बाबूची लेक लहान हाये. मी एकटा जीव. वळकटी उचलली का झालं, मले कोनाले सोडून जा लागत नाई."

ती बोलतच होती. साकोलीहून ते दर रविवारी यायचे. कोमट पाण्यात तिचा हात धरून एकेक बोट उघडायला लावायचे. तीनपैकी एक सुटलं. बाकीची सुटणार नाहीत हे कळल्यावरही ते येत राहिले. दुपारी तिच्या घरच्यांबरोबर जेवायचे, संध्याकाळच्या एसटीने परत जायचे.

"आता कुठे असतात?" मी विचारलं. "मला त्यांना भेटायचंय."

"दोन साल झाले जी, गेले. आमीच होतो दवाखान्यात. तेथच्या नर्सबाईनं इचारलं, तुमी कोन लागता यांचे? माह्या पोरानं सांगतलं, भाचा."