हॉलंड गैरहजर

पृथ्वी गोल आहे, याविषयी शाळाखात्याला अलीकडे शंका उरलेली नाही. मतभेद असलाच तर ती आठवड्यातून किती वेळ गोल ठेवावी, एवढ्यापुरता आहे. सन १९३९च्या उन्हाळ्यापर्यंत बोरपाड्याच्या शाळेत ती शुक्रवारी दुपारी पाऊण तास गोल असे. उरलेल्या वेळात ती धानोऱ्यापासून तीन कोसांवर, सपाट, काळी आणि पावसाळ्यात गुडघाभर चिखलाची होती.

शाळा एकशिक्षकी होती. म्हणजे हेडमास्तर, मास्तर आणि झाडू मारणारा, या तिन्ही जागांवर इसहाक मास्तर होते. (तिघांपैकी एकजण आजारी पडला तरी शाळा बंद राहत असे.) इसहाक मास्तर नवापूरच्या डोंगराकडचे, ख्रिस्ती, व्हर्नाक्युलर फायनल पास आणि स्वभावाने भिडस्त. पटावर वीस मुलं होती. पट पंधराच्या खाली गेला तर शाळा बंद आणि मास्तरांची बदली घाट चढून थेट धडगावला, असा नियम होता. मास्तर रोज सकाळी प्रार्थनेच्या आधी मुलं मोजत आणि प्रार्थनेनंतर पुन्हा मोजत.

त्या जूनमध्ये वरून एक परिपत्रक आलं. मास्तरांनी ते दोनदा वाचलं. एकदा समजावं म्हणून आणि एकदा समजलं नाही म्हणून. जग झपाट्याने बदलत आहे. ग्रामीण बालकास त्या बदलापासून वंचित ठेवणे इष्ट नाही. सबब प्रत्येक बालकास एकेक देश नेमून द्यावा, त्या देशाची राजधानी, पिके, राज्यकर्ता आणि चालू घडामोडी त्याच्याकडून तोंडपाठ करून घ्याव्यात, आणि हजेरीपटात नावापुढे 'देश' असा रकाना आखावा. सोबत मंजूर देशांची यादी होती. यादीत वीस देश आणि पटावर वीस मुलं, यावरूनच योजनेमागे किती विचार होता ते दिसतं. (यादीत हिंदुस्थान नव्हता. यादी स्वतंत्र देशांची होती.)

वाटप खेळीमेळीत पार पडलं. इंग्लंड सरकारी देश असल्यामुळे तो पाटलांच्या रतिलालला गेला. फत्तेसिंगला फ्रान्स मिळाला, रेवजीला पोलंड, बारक्याला नॉर्वे, गजराला हॉलंड आणि चैत्याला जर्मनी. चैत्या म्हणजे वर्गातला सगळ्यांत भित्रा पोरगा; सरडा पाहिला तरी तो मास्तरांच्या मागे लपायचा. दिवाळीनंतर त्याच्या शेजारी बसायला कोणी तयार होईना.

हजेरी देशाच्या नावाने होऊ लागली. त्यात वेळ वाचतो असं दिसून आल्यामुळे मुलांची जुनी नावं हळूहळू कोणी घेईनासं झालं, आणि या कथेतही तीच सोयीस्कर पद्धत पाळली आहे. पटावरचे शेरे आता वाचनीय झाले. 'पोलंड: गुरं वळायला. फ्रान्स: थंडीताप. नॉर्वे: खरूज, तीन दिवस घरी. डेन्मार्क: मामाच्या गावी, कधी येणार माहीत नाही.' सरासरी हजेरी एकसष्ट टक्क्यांवरून चौऱ्याऐंशीवर गेली. आपल्या घरचा देश गैरहजर लागणं कोणत्याच आईला बरं वाटत नव्हतं.

हॉलंड ही शाळेतली एकुलती एक पोरगी. वडील वारलेले, आई भिकुबाई दुसऱ्यांच्या शेतात निंदणीला जाणारी. खापर या गावातल्या एका घरी हॉलंडच्या लग्नाचं बोलणं चाललं होतं, आणि ते लोक घाईत होते. एका संध्याकाळी भिकुबाई विळा घेऊन तशीच शाळेत आली. पोरगी घरी भलतंसलतं सांगते, अशी तिची तक्रार होती.

"दर्या वरे आनि जमीन खाले, असं म्हनस ही. मंग लोके बुडतस कसे नही?"

मास्तर म्हणाले, "त्यांनी बांध घातला आहे."

"बांध कोन राखस?"

याचं उत्तर हॉलंडने दिलं. "समदा गाव राखस, माय. रातदिन. आनि तठे राज बाईनं शे."

भिकुबाईने विळा कमरेला खोचला. "चांगला देश दिन्हा तुमीन, मास्तर," ती म्हणाली. मग दारातून परत वळून म्हणाली, "मन्हं लगीन व्हयनं तव्हय माले मोजता बी येत नव्हतं. कितला वरीसनी व्हतू, ते बी आते कोन्ही सांगू शकत नही."

पुढच्या आठवड्यात खापरचे लोक आले तेव्हा तिने सरळ सांगितलं, "मन्ही पोरगी आते हॉलंड शे. आधी चौथी व्हई, मंग लगीन." हॉलंड ही बहुतेक चौथीच्याही वरची काही परीक्षा असावी, असं समजून पाहुण्यांनी मान डोलावली आणि सन एक्केचाळीसच्या मार्च महिन्यातल्या चौथीच्या परीक्षेपर्यंत थांबायचं कबूल केलं. बोरपाड्याच्या इतिहासात भूगोलामुळे एखादं लग्न थांबल्याची ही पहिली नोंद आहे. मास्तरांना त्या रात्री जेवण गोड लागलं.

एवढ्यात युरोपात लढाई सुरू झाली. शाळेवर तिचा परिणाम व्हायला चार दिवस लागत, कारण वर्तमानपत्र धानोऱ्याच्या बाजाराबरोबर येई. आधी पोलंड पडला. पोलंडने मास्तरांना विचारलं की आता 'पीक बटाटा आहे' म्हणायचं की 'होतं'. मास्तरांनी दोन्ही म्हणायला सांगितलं. पुढच्या उन्हाळ्यात डेन्मार्क, नॉर्वे, हॉलंड, बेल्जम आणि फ्रान्स असे एकामागून एक गेले. जाताना त्यांना सुट्टी असल्यामुळे अभ्यासाचं नुकसान झालं नाही. जूनमध्ये सगळे देश पुन्हा शाळेत आले. हॉलंड चौथीत गेली.

डिसेंबरात दिपोटी आले. शाळा तपासणाऱ्या साहेबांना तिकडे दिपोटीच म्हणतात. ते दमणीतून उतरले, पाणी प्यायले आणि पिशवीतून त्यांनी नवं परिपत्रक काढलं. जे देश चालू घडामोडींमुळे अस्तित्वात राहिलेले नाहीत, त्यांच्या नोंदी पटावरून कमी कराव्यात.

"नोंदी म्हणजे रकान्यातल्या?" मास्तरांनी विचारलं.

"नोंद म्हणजे ओळ," दिपोटी म्हणाले. "अर्धी ओळ खोडायची तरतूद नाही."

"मुलांना दुसरे देश देता येतील?"

"देशबदलाचा अर्ज करा. पालकाचा अंगठा घ्या. मंजुरीला तीन महिने लागतात. आणि यादीत शिल्लक देश आहे का?"

शिल्लक देश नव्हता. दिपोटी न्यायी माणूस होते; परीक्षा घेतल्याशिवाय त्यांनी एकाचंही नाव खोडलं नाही. पोलंड उभा राहिला, त्याने वॉर्सा सांगितलं, बटाटा सांगितला, दिपोटी म्हणाले "शाब्बास", आणि त्याची ओळ खोडली. डेन्मार्क, नॉर्वे, बेल्जम, फ्रान्स, कोणी एकाही उत्तरात चुकलं नाही. पाचही ओळींपुढे 'तयारी उत्तम' असा शेरा पडला आणि त्यावरून लाल रेघ गेली. ग्रीस डळमळीत असल्यामुळे त्याच्याभोवती पेन्सिलने गोल काढण्यात आला. जर्मनी शत्रू असला तरी अस्तित्वात होता, म्हणून त्याला हात लावता आला नाही.

मास्तर पाठीमागे हात बांधून बोटांवर मोजत होते. पंधरा. हॉलंड राहिली तर पंधरा. त्यांना आधी धडगावचा घाट दिसला, मग खापरचे पाहुणे दिसले. घाट आधी दिसला, याची त्यांना लाज वाटली.

"हॉलंड," दिपोटी म्हणाले.

हॉलंड उभी राहिली. तिने राजधानी सांगितली, लोणी सांगितलं, बांध सांगितले. दिपोटींनी शेरा लिहिला आणि टाक दौतीत बुडवला.

"साहेब, हॉलंड पडेल नही," ती म्हणाली. "राणी लंडनमा शे. जित्ती शे. रेडिओवर बोलस. गूळना पुडावर छापेल व्हतं. राणी जित्ती शे, मंग देश कसा मरी गया?"

"राणी कुठं आहे, हा प्रश्न नाही. जमीन कोणाच्या ताब्यात आहे?"

"जर्मनीना," हॉलंड म्हणाली. वर्गातल्या जर्मनीने मान खाली घातली.

"मग झालं तर."

हॉलंड खाली बसली नाही. तिला आव आणता येत नव्हता. तिला खरोखरच कळत नव्हतं.

"साहेब, आठली जमीन कोन्हा ताबामा शे?"

"सरकारच्या."

"सरकार कोठलं शे?"

"विलायतेचं," दिपोटी म्हणाले, आणि इंग्लंड आपला उल्लेख झाला असं समजून उभा राहिला.

"मंग हिंदुस्थान कव्हय पडना, साहेब?"

हिंदुस्थान कधी पडला, हा प्रश्न अभ्यासक्रमात नव्हता. इसहाक मास्तरांना त्या क्षणी आपल्या नोकरीत प्रथमच अभिमान वाटला आणि लगेच घाम फुटला. दिपोटींनी टाक पुसला, दौतीचं झाकण लावलं, ते पुन्हा उघडलं, आणि लिहिलं, 'सदर विद्यार्थिनीचा प्रश्न मंजूर यादीबाहेरील.' मग रेघ मारली. हिंदुस्थानचं नाव खोडायचा प्रश्न आला नाही, कारण ते कुठे लिहिलेलंच नव्हतं.

चौदा.

भिकुबाईने प्रयत्न सोडला नाही. तिने आपल्या बहिणीचा सहा वर्षांचा पोरगा दुसऱ्या गावाहून उचलून आणला आणि शाळेच्या ओट्यावर बसवला. पट पंधरा होईल, एवढं तिला आता मोजता येत होतं. ते पोरीने शिकवलं होतं. परंतु देशाशिवाय विद्यार्थी दाखल करता येत नाही आणि देश संपलेले होते. मास्तरांनी तीन अर्ज केले. तिन्ही पोचल्याचं कळवण्यात आलं. फेब्रुवारीत शाळा बंद झाल्याचा हुकूम आला तेव्हा तो सांगायला मास्तर स्वतः भिकुबाईच्या दारात गेले आणि चपला काढून उंबऱ्याबाहेरच उभे राहिले.

तीच म्हणाली, "बांध फुटना का, मास्तर?"

"हो."

"तठे समदा गाव राखस म्हने," भिकुबाई म्हणाली. "आठे कोन्हीच नही उनं."

हॉलंडचं लग्न त्या आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, झालं. ती तेव्हा बारा वर्षांची होती. हे वय तिचं तिला पक्कं माहीत होतं, एवढी प्रगती एका पिढीत झाली.

सन पंचेचाळीसमध्ये लढाई संपली आणि शाळाखात्याने उदार धोरण स्वीकारलं. पडलेले सर्व देश पुन्हा उभे राहिल्याचं आढळून आल्यामुळे कमी केलेल्या नोंदी पूर्ववत कराव्यात, असं परिपत्रक बोरपाड्याच्या शाळेच्या पत्त्यावर निघालं. तिथे आता पाटलांचा कडबा होता. ते फिरत फिरत धडगावला इसहाक मास्तरांकडे पोचलं. सोबत छापील फॉर्म होता. देशाचं नाव, पडल्याची तारीख, उठल्याची तारीख, विद्यार्थ्याचं पूर्ण नाव. मास्तरांनी पहिले तीन रकाने भराभर भरले आणि चौथ्यावर त्यांचा हात थांबला. पोरीचा चेहरा आठवत होता, तिचा प्रश्न अक्षर न् अक्षर आठवत होता. नाव आठवेना. दीड वर्ष त्यांनी तिला एकाच नावाने हाक मारली होती.

दिवाळीच्या सुटीत ते खापरच्या बाजारात गेले. मिरच्यांच्या ढिगापाशी ती दिसली, कडेवर पोर, दुसरं पदराला धरून. हाक काय मारावी हे न कळून ते म्हणाले, "हॉलंड."

ती वळली. आजूबाजूच्या बायका हसल्या, ती हसली नाही.

"हॉलंड सुटला," मास्तरांनी सांगितलं.

"राणी घर उनी?"

"आली."

"चांगलं व्हयनं." तिने पोर दुसऱ्या कडेवर घेतलं. "आनि हिंदुस्थान?"

त्याचं परिपत्रक अजून आलं नव्हतं. मास्तरांनी घाईने खिशातला फॉर्म काढून दाखवला आणि सांगितलं, की तिला पटावर परत घ्यायचा हुकूम झाला आहे. तिने तो उलटसुलट करून पाहिला. वाचता तिला अजून येत होतं.

"यामा मन्हं नाव कोठे शे?" तिने विचारलं.

मास्तरांनी घड्याळ नसलेल्या मनगटाकडे पाहिलं आणि उशीर झाल्याचं सांगितलं. चौथा रकाना कोरा ठेवूनच त्यांनी फॉर्म वर पाठवला. तो परत आला नाही; म्हणजे बरोबर भरला होता.

शेवटी वाचकांसाठी थोडी उजळणी. हॉलंडची राजधानी या कथेत कुठेही सांगितलेली नाही, तरी ती तुम्हाला येते. त्या पोरीचं नाव सांगितलेलं आहे, अगदी स्पष्ट, एकदाच. मागचं पान न उलटता ते सांगा. येत नसेल तर वाईट वाटून घेऊ नका. तुमच्याही नावापुढे 'तयारी उत्तम' असाच शेरा आहे.