नऊ वाजण्याची अधिकृत वेळ

आमच्या कुरण नोंदणी कार्यालयातले अर्ज लिपिक तुर्दुमामत आबा एकतीस वर्षांच्या सेवेनंतर एक जुलै रोजी निवृत्त झाले. निवृत्ताला निरोप समारंभात कालपाक टोपी, चापान झगा आणि मनगटी घड्याळ देण्याची पद्धत आहे. टोपी आणि झगा कपाटात तयार होते, घड्याळ आणायचं राहिलं होतं. निरोप दिल्याशिवाय माणसाला सोडता येत नाही. त्यामुळे निवृत्त झालेले आबा दोन जुलैला सकाळी नेहमीप्रमाणे खिडकीवर येऊन बसले.

आबांना घाई होती. त्यांचे थोरले भाऊ मोल्दोगाझी, वय त्र्याऐंशी, दर उन्हाळ्यात घोड्या घेऊन वर जाइलोवर, म्हणजे डोंगरातल्या उन्हाळी कुरणावर, राहायला जात. यंदा त्यांनी निरोप धाडला होता की गुडघे संपले, पुढच्या वर्षी वर येणं नाही, एकदा तरी येऊन माझ्या तंबूत घोडीच्या दुधाचं आंबट कुमिस पिऊन जा. आबांनी एकतीस वर्षं कुरणांच्या परवान्यांवर शिक्के मारले होते, पण त्यातलं एकही कुरण पाहिलं नव्हतं. गवताचा हंगाम आणि परवान्यांचा हंगाम एकच असतो, रजा कोण देणार? मीठ आणि पीठ घेऊन वर जाणारा ट्रक दर गुरुवारी सकाळी नऊला बाजारातून सुटायचा. ऑगस्ट संपला की तोही बंद होई, आणि दुसरं काही त्या वाटेला जात नसे.

घड्याळ खरेदीसाठी समिती नेमली गेली. अध्यक्ष आमचे जुमाकादिर साहेब, सदस्य भांडारप्रमुख कालीपा एजे, म्हणजे कालीपाताई, आणि सचिव मी. मर्यादा दोन हजार सोम. बाजारातल्या जिन्याखाली बसणाऱ्या बेगिमकुल घड्याळजीने आमच्यासमोर दोन नग ठेवले. एक जुन्या राजवटीतलं किल्लीचं, नीट साफ केलेलं, एकोणीसशे सोमला. दुसरं काळ्या प्लास्टिकचं, आकड्यांचं, सहाशेला.

दोन्ही पर्यायांवर समितीने जुलैभर विचार केला. किल्लीच्या घड्याळाला रोज किल्ली द्यावी लागते, म्हणजे निवृत्ताला दिवसाकाठी एक काम राहतं, हा मुद्दा सर्वांना पटला. एजेंचं मत आकड्यांच्या बाजूने होतं. त्यांचा भाचा तसलं घड्याळ घालून मेंढ्या धुतो आणि त्याला काही होत नाही.

"एजे, आकड्याला लाज नसते," साहेब म्हणाले. "नऊ सतरा म्हणजे नऊ सतराच दाखवणार. काटा कसा, माणसाला सांभाळून घेतो. सव्वानऊ व्हायचेत म्हटलं तरी चालतं."

एजेंनी मत मागे घेतलं. तरीही निष्पक्षपणा दिसावा म्हणून दोन्ही घड्याळं साहेबांच्या टेबलावर चाचणीसाठी ठेवायचं ठरलं.

इथे आमच्या कार्यालयाच्या वेळेबद्दल सांगायला हवं. साहेब दर सोमवारी आपलं घड्याळ भिंतीवरच्या घड्याळाशी जुळवतात. भिंतीवरचं घड्याळ आबा दर शुक्रवारी साहेबांच्या घड्याळाशी जुळवत. दोघांत कधी मतभेद झाला नाही. असं करता करता आमची वेळ बाहेरच्या वेळेपेक्षा चोवीस मिनिटं मागे गेली होती, आणि ते सर्वांना माहीत होतं. नऊला येणारी माणसं बाकावर बसून राहत. कुणी मोबाइल दाखवला की आबा काचेमागून शांतपणे सांगत, "ती तुमच्या फोनची वेळ. सरकारची वेळ भिंतीवर आहे." कार्यालय बंद मात्र फोनच्या वेळेने व्हायचं, कारण घरी जाणं ही ज्याची त्याची खासगी बाब आहे.

चाचणीच्या पहिल्याच सकाळी आकड्यांचं घड्याळ नऊला टुंग करून वाजलं. आवाज बाहेर गेला. बाकावरची अकरा माणसं उठली आणि खिडकीपाशी येऊन उभी राहिली. आत आम्ही चहा पीत होतो. आबांनीच धावत जाऊन ते घड्याळ झग्यात गुंडाळलं. अहवालात मी लिहिलं की सदर घड्याळ चोवीस मिनिटं पुढे असून जनतेत गैरसमज पसरवतं. बेगिमकुल म्हणाला, तीन बटणं एकदम दाबली की मागे नेता येईल. ज्याला मागे न्यायला तीन बटणं दाबावी लागतात ते उर्मट, असा शेरा साहेबांनी मारला आणि ते नामंजूर झालं.

किल्लीचंही घड्याळ चोवीस मिनिटं पुढेच निघालं. पण ते सभ्य होतं.

"साहेब, खऱ्या वेळेला लावू की तुमच्या?" बेगिमकुलने विचारलं.

साहेबांनी त्याच्याकडे नुसतं पाहिलं. त्याने काटे मागे फिरवले.

या सगळ्यात ऑगस्टही सरत आला. दर गुरुवारी आबा खिडकीतून ट्रकचा भोंगा ऐकत आणि पुढचा अर्ज ओढून घेत. शेवटच्या गुरुवारच्या आदल्या दिवशी समारंभ झाला. साहेबांनी आबांच्या डोक्यावर टोपी ठेवली, अंगावर झगा घातला आणि मनगटावर घड्याळ बांधलं. घड्याळ फुकट घेतलं की देणाऱ्याघेणाऱ्यात बिनसतं, म्हणून आबांनी रीतीप्रमाणे एक सोमचं नाणं साहेबांच्या तळहातावर ठेवलं. आबा रडले. उद्या भावाला भेटतो, असं त्यांनी प्रत्येकाला वेगवेगळं सांगितलं.

दुसऱ्या दिवशीचं मला बाजारात सामसा, म्हणजे खिम्याचे समोसे, विकणाऱ्या बाईने सांगितलं. आबा नवा झगा घालून, भावासाठी गुडघ्यांचं मलम आणि साखरेची पिशवी घेऊन आले, तेव्हा त्यांच्या मनगटावर नऊला पाच कमी होते. ट्रक उभा नव्हता. आबा पिशवीवर बसले.

"आबा, ट्रक कधीच गेला," ती म्हणाली. "नऊच्या ठोक्याला गेला."

"अजून नऊ व्हायचेत, पोरी."

तिने मोबाइल पुढे केला. नऊ एकोणीस. आबा सवयीने बोलून गेले, "ती तुमच्या फोनची..." ते कितीतरी वेळ मनगटाकडे बघत राहिले, असं ती म्हणाली.

तिथून ते आमच्याकडे आले. खिडकीवर आता मी होतो. ते बाकावर बसून राहिले, नंबर आल्यावर उठले. कार्यालयाची जीप अंगणात उभी होती, ती एका दिवसासाठी मिळेल का, एवढंच विचारलं. जीप कर्मचाऱ्यांसाठी असते आणि आबा कालपासून नागरिक होते. मग त्यांनी घड्याळ काढून काचेखालून आत सरकवलं. म्हणाले, भेट दिलेलं घड्याळ चुकीच्या वेळेला लावलेलं आहे, तसं लिहून द्या, म्हणजे जीप मागता येईल. मी आत जाऊन साहेबांना विचारलं. त्यांनी नाण्याची आठवण करून दिली. एक सोम घेतला म्हणजे ती भेट नव्हे, विक्री झाली. विकलेल्या मालाची तक्रार अर्जानेच करावी लागते, आणि अर्ज पाचपर्यंतच घेतात.

आबा बाकावर बसून अर्ज लिहायला लागले. एकतीस वर्षं दुसऱ्यांचे अर्ज तपासलेला माणूस, पण स्वतःचा लिहिताना चार कागद फाडले. खिडकीशी आले तेव्हा भिंतीवर पाचला वीस कमी होते. मी माझा फोन पाहिला. पाच वाजून चार.

"वेळ संपली, आबा," मी म्हणालो.

भिंतीवरच्या घड्याळाकडे त्यांनी पाहिलंही नाही. मला वाईट वाटलं, खरंच फार वाटलं. पण घरी जायची वेळ झाली होती, म्हणून मी खिडकी खाली ओढली. आठवडाभरात वरच्या खिंडीत बर्फ पडलं.

हे वाचून तुम्ही आमच्या कार्यालयाला हसाल. जरूर हसा. फक्त हसण्याआधी आपल्या घरातल्या भिंतीवरच्या घड्याळाकडे बघा. उशीर होऊ नये म्हणून तुम्ही ते घड्याळ दहा मिनिटं पुढे लावून ठेवलं आहे. आताही त्यातून दहा वजा करून, अजून वेळ आहे म्हणत, तुम्ही हे वाचत बसला आहात. ज्याला भेटायला जायचं तुम्ही कधीपासून म्हणताय, त्याच्याकडे किती वाजलेत, हे एकदा फोन करून विचारा.