बर्व्यांचं यंत्र

आमच्या वरच्या मजल्यावरच्या बर्व्यांकडे गेलं की आधी हात धुवावे लागतात, आणि तेही साबण न लावता. साबणाचा अंश जरी पाण्यात गेला तरी पोवळी मरतात म्हणे.

निवृत्तीनंतर लोक गुडघे बदलतात, बर्व्यांनी सदाशिव पेठेतल्या आपल्या हॉलमध्ये समुद्र आणला. काचेची लांबलचक टाकी, पाकिटातलं मीठ घालून खारवलेलं पाणी, दोन नारिंगी मासे, एक पिवळा आणि पोवळी. पोवळी मला प्लास्टिकची वाटली होती. तसं बोललो, त्यानंतर बरेच दिवस बर्वे जिन्यात ओळख देत नव्हते.

त्यांचं एक ठरलेलं वाक्य आहे, “यंत्र कमी पडतंय.” लिफ्ट अडकली, स्वारगेटला वाहनं तुंबली, सोसायटीच्या अध्यक्षांना मुद्दा कळला नाही, सगळ्यांचं निदान एकच. मूळचं यंत्र मात्र टाकीखाली असतं. ते पाण्याला फेस आणतं आणि फेसाबरोबर घाण वर काढतं. तो तपकिरी काढा एका पेल्यात साठतो. लोक नातवंडांचे फोटो दाखवतात तसा बर्वे तो पेला दाखवतात. मी श्वास रोखून ‘वा’ म्हणतो.

पहिलं यंत्र थर्मासएवढं होतं, दुसरं बादलीएवढं. परवा तिसरं आलं ते पिंपाएवढं, आणि उचलायला मला बोलावणं आलं. आधी पाण्याची तपासणी झाली. नळीत थेंब टाकून त्यांनी ती माझ्यासमोर धरली. गुलाबी असेल तर ठीक, जांभळी असेल तर संकट.

“गुलाबी,” मी म्हणालो.

“नीट बघा.”

“मग जांभळी.”

“तुम्ही अंदाज करताय.”

करतच होतो. मग त्यांनी समजावलं की उरलेलं खाणं कुजतं, पाण्यात नायट्रेट वाढतं, शेवाळ माजतं आणि पोवळी गुदमरतात. एका पोवळ्याची कड पांढरी पडलेली मलाही दिसली. हे यंत्रही पुरलं नाही तर सगळंच जाणार होतं. मी सरळ विचारलं, मग खाणं कमी का घालत नाही? बर्वे टाकीखाली शिरले. एवढा हुशार माणूस, आणि एवढी साधी गोष्ट कळू नये? मी पार गोंधळलो.

तेवढ्यात आतून अक्का आल्या. अक्का म्हणजे बर्व्यांची मोठी बहीण. सगळं आयुष्य त्यांनी याच पेठेत विद्यार्थ्यांची खाणावळ चालवली. त्यांनी डबा उघडला, चिमूटभर खाणं पाण्यात सोडलं, मला “जेवलास का?” विचारलं आणि गेल्या. आम्ही यंत्र जागेवर ठेवतोय तोच त्या परत आल्या.

“मुलं जेवली का रे?”

“नाही अजून. घाल,” बर्वे म्हणाले.

मी तोंड उघडलं, तर त्यांनी माझ्या हातात पाना दिला.

अक्का आत गेल्यावर ते हळूच बोलले, “डबा लपवून पाहिला एकदा. दिवसभर शोधत राहिली. पानावर बसली नाही. शेवटची पंगत उठल्याशिवाय ती कधी जेवलीच नाही हो. मुलं उपाशी आहेत म्हणाली, आणि स्वतःही उपाशी राहिली. आता मासे जेवले की ती जेवते. घातल्याचं विसरते, पुन्हा घालते. घालू दे.”

इतके दिवस मी त्यांच्या यंत्रांना हसत होतो.

या रविवारी पुन्हा वर गेलो. साबणाशिवाय हात धुतले. अक्का आत पानावर बसून वरणभात जेवत होत्या. बर्व्यांनी नळी माझ्यासमोर धरली, पण या वेळी रंग विचारला नाही. नळी चांगलीच जांभळी होती.

“यंत्र कमी पडतंय,” मी म्हणालो. “मोठं आणू या.”